समुद्राचा खोटा तळ

सुट्टीत घरी गेलं की मामाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय गं, झाले का मासे मोजून?" डॉक्टरेट झाली, त्यानंतरची ही दुसरी फेलोशिप चालू आहे, तरी आमच्या घरात माझी ओळख 'नॉर्वेत मासे मोजते ती' एवढीच आहे. मला त्यात काही वावगं वाटत नाही, कामाचं वर्णन अगदी बरोबर आहे. पंचाईत होते ती मामाच्या दुसऱ्या प्रश्नाने. "मग किती आहेत?"

नॉर्वेजवळच्या कॉडबद्दल किंवा हेरिंगबद्दल विचारलंत तर मी तुम्हांला बऱ्यापैकी भरवशाचा आकडा सांगू शकते. पण भर समुद्रात, २०० ते १००० मीटर खोलीवर, जिथे उजेड जेमतेम पोचतो तिथल्या माशांबद्दल विचारलंत, तर उत्तर १०० कोटी टन असू शकतं आणि १००० कोटी टनही असू शकतं. सगळ्या जगाची समुद्री मासेमारी मिळून वर्षाला साधारण ८ कोटी टन मासे धरते. त्या मानाने हा फरक केवढा आहे ते पाहा. तो कसा पडला याची गोष्ट गेल्या नव्वद वर्षांची आहे, आणि तिचा एक तुकडा आपल्या अरबी समुद्रात घडलेला आहे.

मोजायची मुख्य साधनं दोन, आवाज आणि जाळं. जहाजाच्या तळाला बसवलेला इकोसाउंडर खाली आवाजाचा एक ठोका सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकतो. किती वेळाने आला त्यावरून खोली कळते, किती जोरात आला त्यावरून तिथे किती ऐवज आहे याचा अंदाज बांधता येतो. हा ऐवज म्हणजे नक्की कोण, हे मात्र आवाज सांगत नाही. त्यासाठी ट्रॉल जाळं ओढायचं आणि काय वर येतं ते बघायचं.

इकोसाउंडर आधी आला तो समुद्राची खोली मोजायला. मासे त्यात दिसले ते नंतर. १९३०च्या दशकात रोनाल्ड बॉल्स नावाचा एक इंग्लिश हेरिंगवाला आपल्या नावेवर हे यंत्र बसवून त्यावर उमटणाऱ्या डागांचा आणि जाळ्यात येणाऱ्या मासळीचा मेळ घालत बसला होता. त्याच सुमारास ऑस्कर सुंद या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाने लोफोटेन बेटांजवळ, जिथे हिवाळ्यात कॉड अंडी घालायला येतात, तिथे प्रतिध्वनी कागदावर उतरवले. १९३५ साली 'नेचर'मध्ये त्याचं छोटंसं टिपण आलं. कॉडचा थवा एका खोलीवर पट्ट्यासारखा पसरलेला त्यात दिसत होता. त्याआधी माशांचा थवा पाण्याखाली कसा असतो हे गळ आणि जाळ्यांवरून फक्त ताडता येत होतं.

मग युद्ध आलं. १९४२ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याबाहेर अमेरिकी नौदलासाठी काम करणारे तीन शास्त्रज्ञ, आयरिंग, क्रिस्टेन्सन आणि रेट, 'जॅस्पर' नावाच्या जहाजावरून पाणबुड्या शोधायच्या सोनारच्या चाचण्या घेत होते. हजारो मीटर पाणी असलेल्या जागी त्यांना तीन-चारशे मीटरवरून प्रतिध्वनी यायला लागला. एखाददुसऱ्या ठिकाणी नाही, मैलोगणती. जणू समुद्राला मध्येच दुसरा तळ होता. लवकरच असा 'तळ' जगात इतरत्रही सापडू लागला. नकाशांवर उथळ जागेच्या काही चुकीच्या नोंदी पडल्या त्या यामुळेच.

हा तळ नाही हे सिद्ध करणं सोपं होतं, फक्त कुणीतरी संध्याकाळपर्यंत थांबायला हवं होतं. १९४५ साली स्क्रिप्स संस्थेचे जीवशास्त्रज्ञ मार्टिन जॉन्सन थांबले. त्यांचा तर्क असा, की लहान समुद्री जीव रात्री चरायला वर येतात आणि दिवसा खाली अंधारात लपतात हे आपल्याला जाळ्यांवरून माहीत आहे, तेव्हा हा थर जिवंत असेल तर तोही सूर्यास्ताला वर सरकेल. तो सरकला. पहाटे पुन्हा खाली गेला.

मी हे पहिल्यांदा पडद्यावर बघितलं तेव्हा जेवण सोडून बसले होते. दुपारभर साडेतीनशे मीटरवर जाड रेघ होती. उन्हं कलली तशी ती तिरकी होत वर चढायला लागली आणि तासा-दीड तासात जवळजवळ पृष्ठभागाला टेकली. जगातलं सगळ्यात मोठं प्राण्यांचं स्थलांतर रोज दोनदा होतं, आणि त्यावर पाणी पडलेलं असल्यामुळे आपल्याला ते दिसत नाही.

थर जिवंत आहे, पण कुणाचा? इथून जाळं आणि आवाज यांचं भांडण सुरू होतं. १९५०च्या दशकात स्क्रिप्समध्येच आयझॅक्स आणि किड यांनी मधल्या पाण्यात ओढायचं खास जाळं बनवलं. ते थरातून ओढलं की कोळंबीसारखे जीव यायचे, थोडी जेली यायची आणि मूठभर कंदीलमासे. हे मासे बहुतेक बोटभर लांबीचे, मोठ्या डोळ्यांचे, अंगावर उजेडाचे ठिपके असलेले. (जुन्या वर्गीकरणात आपला बोंबील आणि हे मासे एकाच गणात धरले जात.) कागदावर थर काळाकुट्ट आणि जाळ्यात हे एवढंसं, असा प्रकार होता.

त्यात १९६३ साली एरिक बारहॅम यांनी आणखी एक पाचर मारली. तीन वर्षांपूर्वी मरियाना गर्तेच्या तळाशी जाऊन आलेल्या 'त्रिएस्ते' या पाणबुडीयानातून ते सॅन दिएगोजवळ खाली उतरले आणि खिडकीतून थरात त्यांना सायफोनोफोर दिसले. हे जेलीफिशचे नातेवाईक. अंग पाण्यासारखं, पण काही जातींमध्ये तरंगायला वायूचा एक बारीक बुडबुडा असतो. आणि सोनारला खरं ऐकू येतं ते हवेलाच.

इथे जरा थांबते, कारण पुढचं सगळं या हवेवर अवलंबून आहे. माशाचं मांस आणि पाणी आवाजाच्या दृष्टीने जवळपास सारखंच. आवाज उसळून परत येतो तो माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून, म्हणजे वाताशयावरून. घोळ माशाची जी पिशवी व्यापारी सोन्याच्या भावाने घेतात, तीच. वाताशय असलेल्या माशाच्या प्रतिध्वनीतला नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा तिचा असतो. पण प्रत्येक बुडबुड्याचा आपला असा एक सूर असतो, आणि तो आकारावर व दाबावर ठरतो. मासे मोजायला आम्ही बहुतेक ३८ किलोहर्ट्झचा आवाज वापरतो. ४०० मीटर खोलीवर या आवाजाला सगळ्यात जोरात साद देणारा बुडबुडा जेमतेम मिलिमीटरभर रुंदीचा असतो. म्हणजे सायफोनोफोरचा इवलासा फुगा माशाएवढी, कधी त्याहूनही मोठी, साद देऊ शकतो. उलट काही कंदीलमाशांच्या वाताशयात वय वाढलं की हवेऐवजी चरबी भरते. ते समोर असूनही यंत्राला जवळपास दिसत नाहीत.

यंत्र मात्र काटेकोर असतं, तिथे हयगय चालत नाही. मोहिमेच्या सुरुवातीला जहाज शांत फ्योर्डमध्ये उभं करून त्याच्या पोटाखाली ३८.१ मिलिमीटर व्यासाचा टंगस्टन कार्बाइडचा गोळा तीन दोऱ्यांनी टांगतात. आकार लिंबाएवढा, वजन चारशे ग्रॅमच्या वर. या गोळ्याचा प्रतिध्वनी किती यायला हवा हे गणिताने माहीत असतं, त्याच्याशी यंत्र जुळवून घ्यायचं. मी दोन तास पावसात यातली एक दोरी धरून उभी राहिले आहे. इतकं करून यंत्र बिनचूक होतं, पण 'एक मासा किती आवाज परत पाठवतो' हा आकडा आम्हांला गृहीतच धरावा लागतो. तो ३ डेसिबलने चुकला तर माशांची संख्या दुप्पट किंवा निम्मी होते. १० डेसिबलने चुकला तर दहापट.

आता अरबी समुद्राकडे येऊ. १९७५ साली नॉर्वेचं 'डॉ. फ्रित्योफ नानसेन' हे जहाज संयुक्त राष्ट्रांचा झेंडा लावून तिथे आलं. सोमालियापासून पाकिस्तानपर्यंतच्या पाण्यात मासळी किती आहे हे त्या त्या देशांसाठी मोजायचं, असं काम होतं. ओमानच्या आखातात त्यांच्या कागदावर जो थर उमटला तो अफाट होता, आणि जाळ्यात आला मुख्यतः एकच मासा, चार-पाच सेंटिमीटरचा 'बेंथोसेमा टेरोटम'. अरबी समुद्रात साधारण दोनशे मीटरखाली प्राणवायू जवळपास संपतो. हा पठ्ठ्या दिवसा त्या गुदमरलेल्या पाण्यात दडून राहतो, कारण त्याला खाणारे तिथे टिकत नाहीत, आणि रात्री वर येऊन पोट भरतो. त्या मोहिमांवरून याकोब यॉसॅटर यांनी १९८४ साली अंदाज मांडला, की अरबी समुद्रात असे मासे १० कोटी टनांच्या घरात असावेत. वर सांगितलेली जगाची एका वर्षाची मासेमारी याहून कमी भरते! मस्कतला किंवा सोहारला राहणाऱ्या वाचकांनी संध्याकाळी किनाऱ्यावरून समुद्राकडे बघताना हा आकडा आठवून बघावा.

याच यॉसॅटर यांनी १९८०मध्ये कावागुची यांच्याबरोबर साऱ्या जगाचा हिशोब केला होता. तो बहुतांशी जाळ्यांवर बेतलेला होता आणि बेरीज आली १०० कोटी टनांच्या जवळ. तीसेक वर्षं तोच आकडा पुस्तकांतून फिरत राहिला. मी शिकले तोही तोच.

त्याला धक्का बसला इथेच, बर्गनच्या उत्तरेला मासफ्योर्डमध्ये. स्टाइन कार्टवेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाळं ओढलं जात असताना माशांवर ध्वनियंत्रांनी नजर ठेवली. जाळं जवळ यायला लागलं की कंदीलमासे बाजूला सरकत होते. बोटभर मासा, पण त्याला जाळं कळतं, आणि जाळं पुढे गेलं की तो परत आपल्या जागी येतो. हा निबंध २०१२ सालचा. म्हणजे मूठभर मासे बघून 'इथे मूठभरच आहेत' असं म्हणणाऱ्या कितीतरी मोहिमांनी जे मोजलं, ते न पळालेले मासे होते.

दरम्यान डिसेंबर २०१० ते जुलै २०११ या काळात 'एस्पेरिदेस' या स्पॅनिश जहाजाने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अठराव्या शतकातल्या मालास्पिना या दर्यावर्दीच्या नावाने निघालेली ही मोहीम. ३२,००० सागरी मैल तिचा इकोसाउंडर चालू होता. शाबिएर इरिगोइएन आणि त्यांच्या गटाने २०१४मध्ये निष्कर्ष छापला, की हे मासे १००० कोटी टन किंवा त्याहूनही जास्त असावेत. एका निबंधाने समुद्रातले मासे दसपट झाले. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं होतं? पण यात प्रतिध्वनीतला मोठा वाटा माशांचाच आहे असं धरलं होतं. आणि तुम्ही मार्ग बघितलात तर केपटाउनहून हे जहाज थेट पर्थला गेलं. अरबी समुद्रात ते आलंच नाही.

२०१९ साली रोलंड प्राउड आणि सहकाऱ्यांनी बारहॅमचे ते सायफोनोफोर पुन्हा हिशोबात घेतले, वाताशय आहे-नाही याच्या शक्यता धरल्या आणि उत्तर दिलं, १८० ते १६०० कोटी टन. मी हे मामाला सांगितलं. तो म्हणाला, "कोळणीने असा भाव सांगितला तर मी दुसऱ्या पाटीकडे जाईन."

मला विचाराल तर तीन उत्तरांपैकी सर्वांत प्रामाणिक हेच आहे. १९८०चा आकडा कमी होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही, मासफ्योर्डनंतर ती ठेवायला जागाच नाही. पण १००० कोटींवर विसंबून उद्या कुणी जाळी घेऊन निघालं तर मी त्याच्याबरोबर जाणार नाही. आणि निघणारे आहेत. हे मासे कुणाच्या ताटात जायचे नाहीत, त्यांचं पीठ आणि तेल होणार, तेही शेतातल्या सामन माशांना चारायला. सोव्हिएत जहाजांनी १९८०-९०च्या सुमारास दक्षिण जॉर्जिया बेटांजवळ कंदीलमासे हजारो टनांनी धरले होते, देश मोडला तशी ती मासेमारीही थांबली. आता नॉर्वेत पुन्हा प्रायोगिक मासेमारी चालू आहे. उलट अमेरिकेने २०१६ साली आपल्या पश्चिम किनाऱ्याबाहेर या माशांची नवी मासेमारी सुरू व्हायच्या आधीच बंद केली. याला आणखी एक बाजू आहे. रात्री वर खाऊन दिवसा खाली जाणारे हे मासे पृष्ठभागाजवळचा कार्बन पोटात घालून खोल समुद्रात नेतात. किती नेतात हे ते किती आहेत यावर ठरतं, म्हणजे गाडी पुन्हा त्याच आकड्याशी येऊन अडते.

अरबी समुद्रात आता मोजणारे आपलेही आहेत. साठच्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, ती गोव्यात दोना पावलाला आहे. १९८४पासून भारताकडे 'सागर संपदा' हे संशोधन जहाज आहे आणि त्याच्या जाळ्यांतही हे कंदीलमासे आले आहेत.

आमची पुढची मोहीम ऑक्टोबरात निघते. या वेळी एकाच आवाजाऐवजी कमी-जास्त कंपनांचे अनेक आवाज एकदम सोडणारं यंत्र आहे, त्यामुळे बुडबुडा माशाचा की सायफोनोफोरचा हे थोडंफार ओळखता येईल असं वाटतं. शिवाय जाळ्याच्या तोंडाशी कॅमेरा बांधणार आहोत. त्याचा दिवा लाल ठेवलाय. तिथल्या बहुतेक माशांना लाल रंग दिसत नाही.