रुग्णशय्येजवळची साक्ष

महोत्सवाच्या पुस्तिकेंत देवालयाचा पाया, घंटा, धर्मगुरूंची नामावळी यांस स्थान मिळतें, व तें योग्यच आहे. परंतु रविवारीं मिस्साबलिदानाच्या वेळीं ज्यांची जागा पाळीमुळें रिकामी राहते, त्या परिचारिकांचाही हा धर्मग्राम आहे. त्यांच्या व्यवसायाच्या इतिहासांतील एकच प्रश्न येथें घेतों. जी रात्रंदिवस रोग्याजवळ असते, तिचा शब्द रुग्णालयाच्या निर्णयांत धरावा कीं न धरावा?

हा व्यवसाय पुण्यांतील स्त्रियांस खुला करण्याचें श्रेय बऱ्याच अंशीं रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सेवासदनास आहे. 1909 सालीं स्थापन झालेल्या या संस्थेनें विधवांस परिचर्येच्या शिक्षणासाठीं ससून रुग्णालयांत पाठविलें. कोथरूड तेव्हां शहराबाहेरचें खेडें होतें. पुढें 1935 सालीं मुंबई इलाख्यांत परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा झाला, 1946 सालीं भोर समितीनें त्यांच्या नोकरीच्या हलाखीकडे लक्ष वेधलें. वेतन, निवास, नोंदणी यांचा विचार झाला. मताचा मात्र फारसा कोणीं केला नाहीं.

ख्रिस्तसभेस हा प्रश्न नवा नाहीं. सोळाव्या शतकांत संत कामिल द लेलिस रोमच्या सान जाकोमो रुग्णालयांत आधीं रोगी होता, मग कारभारी झाला. भाडोत्री नोकर रोग्यांची हेळसांड कशी करितात हें त्यानें जवळून पाहिलें होतें. मिलानच्या रुग्णालयाची सर्वच शुश्रूषा आपल्या बंधूंच्या हातीं असावी असा त्याचा हट्ट होता, आणि त्यावरून त्याच्याच संघांत वाद माजला. 1930 सालीं पोप अकरावे पायस यांनीं त्यास परिचारिकांचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केलें.

आमच्या देशांत या प्रश्नाचा खरा निकाल लागला तो एका परिचारिकेच्याच खाटेपाशीं. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांतील अरुणाबाई शानबाग यांजवर 27 नोव्हेंबर 1973 रोजीं तेथील एका कर्मचाऱ्यानें पाशवी अत्याचार केला. गळा आवळल्यानें मेंदूचा प्राणवायु तुटला व त्या पुन्हा उठल्या नाहींत. कांहीं वर्षांनीं खाट मोकळी करण्यासाठीं त्यांस अन्यत्र हलविण्याचा घाट महापालिकेनें घातला, तेव्हां परिचारिकांनीं विरोध करून तो बेत मोडून काढला. त्यांस मत विचारलें नव्हतें. त्यांनीं तें दिलें.

पुढें लेखिका पिंकी विराणी यांनीं, अरुणाबाईंचें अन्न थांबवून त्यांस सुटूं द्यावें, असा अर्ज सर्वोच्च न्यायालयांत केला. त्यांचा हेतु करुणेचा होता व न्यायालयानेंही त्याचा गौरव केला. पण 7 मार्च 2011 रोजीं निर्णय देतांना न्यायमूर्ति काटजू व मिश्रा यांनीं ठरविलें कीं, अरुणाबाईंचा खरा जवळचा आप्त म्हणजे इतकीं वर्षें सांभाळ करणारा के. ई. एम.चा सेवकवर्ग. ज्या गोष्टी न्यायालयापुढें आल्या त्या पाहण्यासारख्या आहेत. सदतीस वर्षांत अंगावर एकही शय्याव्रण नाहीं. मलमूत्राच्या वेळीं अरुणाबाई एक विशिष्ट आवाज काढीत, व परिचारिकांस तो ओळखूं येई. मेंदूच्या चित्रांत ही खूण दिसत नाहीं.

मायेनें परिचारिकांची दृष्टि झांकोळली असेल असें कोणी म्हणतात. माया होती, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण न्यायालयानें तीन डॉक्टरांचेंही मत घेतलेंच होतें. अन्नपाणी ही साधी शुश्रूषा होय, असें पोप दुसरे जॉन पॉल 2004 सालीं सांगून गेले होते. परिचारिकांचें मत त्या शिकवणीशीं जुळलें याचा आम्हांस आनंद आहे. तें न जुळतें तरीही तें ऐकलेंच पाहिजे होतें, असें आमचें म्हणणें आहे. अरुणाबाई 18 मे 2015 रोजीं न्युमोनियानें निवर्तल्या.

त्यानंतर गाडी उलट फिरली कीं काय अशी शंका येते. उपचार थांबविण्यासंबंधीं सर्वोच्च न्यायालयानें 2018 सालीं नियम घातले व 2023 सालीं ते सुलभ केले. प्राथमिक मंडळांत उपचार करणारा डॉक्टर व किमान 5 वर्षांच्या अनुभवाचे दोन तज्ज्ञ असावेत असें ठरलें. दुय्यम मंडळही डॉक्टरांचेंच. आप्तांची संमति घ्यावयाची. परिचारिकेसाठीं मात्र खुर्ची ठेविलेली नाहीं.

मंडळापुढें कागद येतात. रात्रीं तीन वाजतां रोग्यानें हात घट्ट धरला होता, हें कागदावर येईलच असें नाहीं. आमच्या मतें अशा बैठकीस त्या खाटेची परिचारिका बोलवावी, तिला प्रश्न विचारावे व तिचें उत्तर लिहून घ्यावें, मग मताचा अधिकार असो वा नसो. यास कोणताही कायदा आड येत नाहीं. धर्मभगिनींनीं चालविलेलीं रुग्णालयें हें उद्यांपासून करूं शकतील.