रझांचा काळा बिंदू

चित्रकार सैयद हैदर रझा यांचा जन्म १९२२ साली मंडला जिल्ह्यातील बाबरिया या गावी झाला. मंडला हा आमच्या बालाघाटचा शेजारजिल्हा. तेव्हा आमच्या मतात थोडा आपपरभाव असणारच.

नागपूर-मुंबईस शिकलेल्या रझांना १९४८ साली काश्मिरात छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी सांगितले, चित्रांना बांधणी हवी, सेझान अभ्यासा. सेझानने आपल्या गावाजवळचा एक डोंगर वर्षानुवर्षे रंगवून केवळ रंगांनी आकार उभा केला होता. १९५० साली रझा फ्रान्सला गेले. बांधणी त्यांना तेथे मिळाली, आशय मात्र मागे राहिला होता.

लहानपणी त्यांचे चंचल मन स्थिर व्हावे म्हणून शाळेतील गुरुजींनी भिंतीवर एक बिंदू काढून दिला होता. (असे किती बिंदू आम्ही शिक्षक काढतो, आणि विसरतो!) तोच पुढे त्यांच्या चित्रांचे केंद्र झाला. टीकाकार त्यात पंचमहाभूते व शून्य पाहतात. स्वतः रझाही तसेच सांगत. परंतु रानाकडेच्या वस्तीत राहिलेल्यास तो काळा रंग प्रथम अरण्यातील रात्र वाटेल, आणि शेजारचा तांबडा येथील माती.

२०१६ साली दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार दफन मंडल्यास, वडिलांच्या कबरीशेजारी झाले.