समईची वात आणि नीरेचा डावा कालवा

समईंतील तेल तळाशीं असतें. ज्योत मात्र वातीच्या टोंकाला जळते. वातीच्या धाग्यांतील सूक्ष्म पोकळ्यांतून तेल वर चढतें. द्रवाच्या या गुणास केशाकर्षण म्हणतात. नळी जितकी बारीक, तितका द्रव अधिक चढतो. १ मिलिमीटर व्यासाच्या कांचेच्या नळींत पाणी सुमारें ३ सेंटिमीटर चढतें. त्याच्या दशांश व्यासाच्या नळींत ३० सेंटिमीटर.

बारामती व इंदापूर या अवर्षणग्रस्त तालुक्यांत या गुणानें मोठा अनर्थ केला. १८७६-७७ च्या दुष्काळांत हातीं घेतलेला नीरेचा डावा कालवा १८८५ सालीं वाहूं लागला आणि जिराईत रानांत ऊस डोलूं लागला. पण बारमाही पाण्यानें जमिनीखालील पाण्याची पातळी वर आली. काळ्या मातीच्या सूक्ष्म रंध्रांतून तें वातींतील तेलाप्रमाणें पृष्ठभागापर्यंत चढलें. उन्हानें पाणी उडून गेलें. क्षार तेवढे मागें राहिले. सोन्यासारखी जमीन चोपण झाली. डॉ. हॅरॉल्ड मॅन व त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनीं नीरेच्या खोऱ्यांतील या खाऱ्या जमिनींचा अभ्यास १९१० सालीं प्रसिद्ध केला. पुढें १९१६ सालीं मुंबई सरकारनें पाटबंधाऱ्यांच्या प्रश्नांसाठीं खास विभाग स्थापिला. त्यांतूनच खडकवासल्याची जलसंशोधन संस्था वाढली.

भूतलावर केशाकर्षणास गुरुत्वाकर्षणाचा लगाम असतो. पृथ्वीभोंवतीं फिरणारें अवकाशस्थानक आंतील सर्व वस्तूंसह अखंड पडतच असतें. म्हणून तेथें वजन जाणवत नाहीं व हा लगाम सुटतो. पाण्याचा गोळा होऊन तो अधांतरीं तरंगतो. असा गोळा शुभांशु शुक्ल यांनीं २०२५ सालीं तेथून दाखविला, आणि मूग व मेथी यांस कोंब आणण्याचा प्रयोगही केला. परंतु रोप वाढवूं जातां अडचण येते. पाणी खालीं झिरपत नाहीं. मुळांना वेढून बसतें आणि हवेवांचून मुळें गुदमरतात. पाणथळ झालेल्या उसाचें दुखणें याहून निराळें नाहीं!

भेद इतकाच, कीं अवकाशांत 'खालीं' ही दिशाच नाहीं. म्हणून तेथील संशोधक भांड्यांचे कोपरे व कडा यांच्या आकारांनीं पाणी वळविण्याचे मार्ग शोधीत आहेत. आपल्या शेताला उतार आहे. चर खणला कीं नको असलेलें पाणी फुकट वाहून जातें आणि त्याबरोबर क्षारही धुतले जातात. कालव्याचें पाणी शेतांत घेणाऱ्यानें तें बाहेर जाण्याची वाटही त्याच वेळीं आंखून ठेवावी, हाच नीरेच्या खोऱ्याचा धडा आहे.