विंडोज ११ : बदल करावा की थांबावे?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या संगणक प्रणालीचे नियमित तांत्रिक साहाय्य थांबविले. त्या दिवशी हे संगणक बंद पडले नाहीत. मात्र सुरक्षेतील नव्या त्रुटींची दुरुस्ती त्यांना आपोआप मिळणे थांबले. लातूरमध्ये शिकवणी वर्गांची कार्यालये, ऑनलाइन अर्ज भरून देणारी केंद्रे आणि डीटीपीची दुकाने यांचा दिवस संगणकावरच सुरू होतो. नवी प्रणाली घ्यावी की नाही, याचे उत्तर या सर्वांसाठी एकच असू शकत नाही. त्या संगणकावर कोणते काम चालते, हे आधी पाहावे लागते.

संगणक पात्र आहे काय?

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूटची सोय व टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. इंटेलचे प्रोसेसर काही अपवाद वगळता आठव्या पिढीपासूनचेच चालतात. मायक्रोसॉफ्टच्या ‘पीसी हेल्थ चेक’ या मोफत प्रोग्रॅमने ही तपासणी होते. टीपीएम नाही असे दिसले, तरी ते बायोसमध्ये केवळ बंद असू शकते. जाणकाराकडून खात्री करून घ्यावी. पात्र संगणकावर विंडोज १० वरून ११ वर जाण्यास शुल्क नाही.

मराठी अक्षरांचा प्रश्न

खरी अडचण येते ती जुन्या कामात. विंडोज ११ केवळ ६४ बिट स्वरूपात मिळते. ३२ बिट विंडोज १० वरून थेट बदल होत नाही. सर्व नव्याने बसवावे लागते. ३२ बिटसाठी लिहिलेले ड्रायव्हर त्यावर चालत नाहीत. त्यामुळे जुना प्रिंटर, बोटांचे ठसे घेणारे यंत्र किंवा मराठी सॉफ्टवेअरचे हार्डवेअर लॉक निकामी ठरू शकते. डॉसच्या काळातील हिशेबाचे प्रोग्रॅमही थेट चालत नाहीत.

युनिकोडमधील मजकुराला धोका नाही. मात्र युनिकोडपूर्व फॉण्टमधील लग्नपत्रिका, स्मरणिका, पुस्तके यांच्या फाइल तो फॉण्ट नसेल तर निरर्थक रोमन चिन्हांत उघडतात. म्हणून बदलापूर्वी फॉण्टची प्रत काढावी, महत्त्वाच्या फाइलींची पीडीएफ करावी आणि पुन्हा लागणारा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून तपासून घ्यावा.

न बदलण्याची किंमत

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने जगभरातील संगणकांतील फाइली कुलूपबंद केल्या. त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ती न घेतलेल्यांना फटका बसला. तथापि घाईही हिताची नसते. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या अपडेटने काहींच्या फाइली पुसल्या गेल्या आणि त्याचे वितरण काही दिवसांतच थांबवावे लागले.

ज्यांना वेळ हवा, त्या घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांची योजना जाहीर केली. संस्थांना ती कमाल तीन वर्षांसाठी, दरवर्षी दुप्पट दराने देऊ केली. ही मुदत तयारीसाठी आहे, निर्णय टाळण्यासाठी नव्हे.

निर्णय कसा घ्यावा?

बँकेचे व्यवहार, आधार क्रमांक, विद्यार्थ्यांची कागदपत्रे ज्या संगणकावर हाताळली जातात, तो पात्र असेल तर बदल करावा. नसेल तर या कामासाठी दुसरा संगणक घ्यावा. जुने फॉण्ट व जुना प्रिंटर यांवरच चालणारा संगणक आहे तसा ठेवावा, पण त्याची इंटरनेट जोडणी काढावी आणि त्याला लावण्यापूर्वी पेनड्राइव्ह तपासावा.

बदल दहावी-बारावीच्या निकालानंतरच्या प्रवेशाच्या धांदलीत किंवा लग्नसराईत करू नये. आधी बाहेरच्या हार्डडिस्कवर बॅकअप घ्यावा व त्यातील चार फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. काम सुरू असताना वीज जाऊ नये म्हणून यूपीएस असावा. बदलानंतर साधारण दहा दिवस जुन्या प्रणालीवर परतता येते. त्याच दिवसांत प्रिंटर, स्कॅनर, फॉण्ट आणि हिशेब यांची प्रत्यक्ष कामावर परीक्षा घ्यावी.