स्वयंचलित घड्याळ : रोज न वापरतानाची निगा

मनगटाच्या हालचालीतून आपली चावी आपणच भरून घेणाऱ्या यांत्रिक घड्याळाला स्वयंचलित घड्याळ म्हणतात. बोलण्यात ते ‘ऑटोमॅटिक’. रोज हातावर असेल तोवर त्याकडे फारसे पाहावे लागत नाही. दोन-तीन घड्याळे आलटून-पालटून बांधणाऱ्याच्या घरी, किंवा वडिलांचे घड्याळ केवळ सणासमारंभाला बाहेर निघते अशा घरी मात्र ते बहुतेक काळ थांबलेले असते. थांबणे हा बिघाड नाही. असे घड्याळ बिघडते ते तारीख चुकीच्या वेळी फिरवल्याने, ओल शिरल्याने किंवा जुन्या तेलाकडे दुर्लक्ष झाल्याने.

घड्याळाच्या मागच्या बाजूला मध्यबिंदूवर फिरणारे एक जड अर्धवर्तुळाकार वजन असते. त्याला रोटर म्हणतात. हात हलला की ते गुरुत्वाकर्षणाने झोके घेते आणि दंतचक्रांमार्फत मुख्य स्प्रिंग गुंडाळते. काही यंत्रणांत रोटर एकाच दिशेने फिरताना चावी भरतो, काहींत दोन्ही दिशांनी. स्प्रिंगचे बाहेरचे टोक डबीच्या भिंतीला पक्के जोडलेले नसते. ताण पूर्ण झाला की ते घसरते, त्यामुळे ऑटोमॅटिकला ‘चावी जास्त झाली’ असे कधी होत नाही. ही भीती हाताने चावी द्यायच्या घड्याळांच्या काळातून आलेली आहे. आपोआप चावी भरण्याच्या कल्पनेचा उगम १७७०च्या दशकातल्या स्वित्झर्लंडमध्ये मानला जातो आणि त्याचे श्रेय बहुधा पेरेले या कारागिराला दिले जाते. मनगटी घड्याळात ती १९२०च्या दशकात जॉन हारवुड या इंग्रज घड्याळजीने आणली, तर पूर्ण वर्तुळात फिरणारा रोटर रोलेक्सने १९३१मध्ये रूढ केला. भारतात ऑटोमॅटिक सामान्य घरांत पोचवले ते प्रामुख्याने एचएमटीने. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तिचा घड्याळ कारखाना १९६१मध्ये बंगळूरला सुरू झाला. पुढे तत्कालीन उत्तर प्रदेशात, नैनिताल जिल्ह्यातल्या राणीबागलाही कारखाना निघाला. वाराणसीपासून नागपूरपर्यंतच्या कपाटांत आज पडून असलेली ऑटोमॅटिक घड्याळे बरीचशी याच परंपरेतली.

पूर्ण चावी भरलेले जुने किंवा मध्यम किमतीचे घड्याळ साधारण ३८ ते ४२ तास चालते. नव्या यंत्रणांपैकी काही ७० ते ८० तास टिकतात. शुक्रवारी रात्री काढून ठेवलेले घड्याळ सोमवारी सकाळी बंद दिसते ते यामुळेच. बैठ्या कामाच्या माणसाच्या हातावर, किंवा अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या मनगटावर, ते रोज बांधूनही पुरते भरत नाही. आठवडाभर हातावर असलेले घड्याळ रात्रीत थांबत असेल, तर घड्याळजीकडे धावण्याआधी एकदा हाताने चावी देऊन पाहणे बरे.

थांबलेले घड्याळ हलवून सुरू करण्याची सवय सर्वत्र दिसते. दोन-चार झटक्यांनी काटे चालू लागतात खरे, पण स्प्रिंगमध्ये ताण नाममात्र असतो आणि घड्याळ वेळ नीट राखत नाही. चावी आत दाबलेल्या स्थितीत, किंवा ती आट्यांची असेल तर आधी उघडून, पुढच्या दिशेने २० ते ४० वेळा सावकाश फिरवावी आणि मगच घड्याळ हातावर घ्यावे. काही यंत्रणांना हाताने चावी देण्याची सोयच नसते. सायकोची लोकप्रिय ७एस२६ ही त्यांपैकी एक. असे घड्याळ आडवे धरून मिनिटभर हळुवार गोल फिरवले की पुरेसा ताण भरतो.

सर्वाधिक नुकसान होते ते तारीख लावताना. तारखेची चकती मध्यरात्रीच्या आसपास एका झटक्यात बदललेली दिसली, तरी तिला ढकलणारे दाते बऱ्याच आधीपासून तिच्यात गुंतलेले असतात. साधारण रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात चावीने तारीख जबरदस्तीने पुढे नेली, तर दाते वाकतात किंवा तुटतात. बंद घड्याळात आणखी एक अडचण असते: काटे दहावर थांबलेले असले तरी ते सकाळचे की रात्रीचे, हे डायलवरून कळत नाही. म्हणून आधी काटे पुढे फिरवून तारीख बदलू द्यावी. ती बदलली तो क्षण रात्री बाराचा. तिथून काटे सकाळी सहापर्यंत न्यावेत, आदल्या दिवसाची तारीख व वार लावावेत, आणि मग काटे पुन्हा पुढे फिरवत आजच्या वेळेवर आणावेत. एचएमटीच्या वार दाखवणाऱ्या घड्याळांत एकाच चकतीवर हिंदी आणि इंग्रजी वार आळीपाळीने छापलेले असतात. तिथे एक वार पुढे जायला दोन टप्पे लागतात, आणि भाषा चुकली की चकती ‘अडकली’ असा समज होतो.

चंद्रकला दाखवणाऱ्या घड्याळाचे काम पंचांगाने सोपे होते. चकती आधी पूर्ण चंद्रावर आणावी आणि गेल्या पौर्णिमेपासून जितके दिवस झाले तितके टप्पे पुढे न्यावी. कार्तिकी पौर्णिमेला, देवदिवाळीच्या रात्री वाराणसीच्या घाटांवर पणत्या लागतात तेव्हा हे काम मोजल्याशिवायच होते. वाराणसीच्या रामनगर किल्ल्यातल्या संग्रहालयात एकोणिसाव्या शतकातले एक मोठे खगोलीय घड्याळ आहे. वेळेबरोबर वार, महिना आणि सूर्य-चंद्रांची स्थिती दाखवणाऱ्या अशा यंत्राला थांबू न देणेच सोयीचे असते, कारण थांबल्यावर प्रत्येक दर्शक वेगळा लावावा लागतो.

वेळ लावण्यासाठी आज मोबाइल पुरतो. दशाश्वमेध घाटाजवळच्या मानमंदिराच्या गच्चीवर सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात उभारलेले सम्राट यंत्र हे सूर्यघड्याळ मात्र वेगळी वेळ सांगते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर ठरते आणि वाराणसी सुमारे ८३ अंशांवर आहे, त्यामुळे इथली स्थानिक सरासरी वेळ प्रमाणवेळेच्या जेमतेम दोन मिनिटे पुढे असते. मुंबईची ३९ मिनिटे मागे पडते. तरीही सूर्याची गती वर्षभर सारखी भासत नसल्याने खरी मध्यान्ह वाराणसीत फेब्रुवारीच्या मध्यावर सुमारे १२ वाजून १२ मिनिटांनी, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला ११ वाजून ४२ मिनिटांनी होते. मानमंदिरातल्या यंत्रांवर बापूदेव शास्त्री या वाराणसीत अध्यापन केलेल्या मराठी ज्योतिर्विदाने एकोणिसाव्या शतकात लिहिले आहे.

घड्याळ सतत चालते ठेवण्यासाठी वाइंडर नावाची विजेवर फिरणारी पेटी मिळते. बहुतेक यंत्रणांना दिवसाला ६५० ते ९५० फेरे पुरतात, आणि दिशा यंत्रणेप्रमाणे निवडावी लागते. वार्षिक किंवा चिरंतन दिनदर्शिकेच्या घड्याळासाठी ही पेटी उपयोगी आहे. केवळ तारीख असलेल्या घड्याळासाठी ती हौस आहे, गरज नव्हे; चालत्या यंत्रातले भाग झिजतच असतात आणि पेटीत ठेवल्याने ती झीज थांबत नाही. ‘घड्याळ बंद राहिले की तेल गोठते’ हा समज वनस्पती आणि प्राणिज तेलांच्या काळातला. आजची कृत्रिम तेले नुसत्या थांबण्याने गोठत नाहीत, पण वर्षांनुवर्षांत तीही जुनी होतात. महिन्यातून एकदा चावी देऊन घड्याळ दिवसभर चालू दिले, तर निदान त्याची तब्येत कळते.

हवामानाचा प्रश्न गंगाकाठी जास्त टोकदार आहे. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पाठोपाठ पावसाळ्याची दमट हवा येते. उन्हात तापलेले घड्याळ हातात ठेवूनच गंगेत बुडी मारली, तर आतली हवा एकदम थंड होऊन आकुंचन पावते आणि ढिल्या रबरी कड्यातून पाणी ओढले जाऊ शकते. पुराने घाटांवर आणलेला बारीक गाळ वाळून उडू लागला की तो चावीच्या फटीत बसतो. पाठीमागे ‘वॉटर रेझिस्टंट’ छापलेले जुने घड्याळ कोरडेच ठेवायचे, कारण रबरी कडी काही वर्षांत कडक होतात. काचेच्या आत धुके दिसले तर ते पुसले जाण्याची वाट न पाहता घड्याळ उघडून वाळवून घ्यावे; गंज दोन-चार दिवसांतही धरू शकतो. पावसाळ्यात कपाटात ठेवताना घामाचा पट्टा आधी कोरड्या कापडाने पुसावा, चामड्याचा असेल तर काढून वेगळा ठेवावा, आणि डबीत सिलिका जेलची पुडी टाकावी. डबी स्पीकर, मोबाइल आणि चुंबकी बटणाच्या पर्सपासून दूर असावी. रातोरात मिनिटांनी पुढे पळू लागलेले घड्याळ बहुधा चुंबकित झालेले असते, आणि ते चुंबकत्व काही सेकंदांत उतरवता येते.

पूर्ण ताण असूनही घड्याळ ठरल्यापेक्षा लवकर थांबत असेल, दिवसाला मिनिटभराहून जास्त चुकत असेल किंवा रोटर घासल्याचा आवाज येत असेल, तर ऑइलिंगची वेळ झाली. साधारण पाच ते सात वर्षांनी ते करण्याची रीत आहे. घड्याळजी यंत्रावर तोलचक्राच्या हेलकाव्याचा कोन मोजतो. पूर्ण चावीला, घड्याळ आडवे असताना, तो २७० अंशांच्या आसपास हवा आणि २०० खाली गेला तर यंत्रणा खोलून धुवावी लागते. एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६मध्ये झाल्याने तिच्या जुन्या घड्याळांचे सुटे भाग आता बहुधा दुसऱ्या बंद घड्याळांतूनच काढावे लागतात.