ट्रामने दिलेला मंद उजेड

बंपरवरचे जादा हॅलोजन दिवे गावात शिरताना मंद व्हावेत म्हणून जुने ऑटो इलेक्ट्रिशियन एक स्वस्तातली युक्ती करतात. 12 व्होल्टचे दोन दिवे एरवी पॅरललमध्ये असतात. तेच सिरीजमध्ये घेतले की प्रत्येकाच्या वाट्याला 6 व्होल्ट येतात. ही युक्ती मोटारवाल्यांची मानली जाते. माझ्या मते ती ट्रामवाल्यांची आहे.

मुंबईत 7 मे 1907 ला विजेची ट्राम धावली. त्या पिढीतल्या दोन मोटरींच्या ट्राममध्ये चालकापुढे हँडलचा उभा कंट्रोलर असे. हँडल पहिल्या खाचांवर असताना दोन्ही मोटरी सिरीजमध्ये, म्हणजे प्रत्येकीला निम्मा दाब. पुढच्या खाचांवर त्याच मोटरी पॅरललमध्ये, पूर्ण दाबावर. नाहीतर गाडी हळू चालवायची तर वीज रेझिस्टन्समध्ये जाळत बसावं लागे. ही कल्पना इंग्लंडच्या जॉन हॉपकिन्सन यांची, 1880च्या दशकातली. हा माणूस दीपगृहांच्या दिव्यांवरही काम करत असे, आणि 1898 साली आल्प्स चढताना तीन मुलांसह कोसळून गेला. दिवे आणि मोटरी एकाच डोक्यात नांदत होत्या, हे माझ्या तर्काला पोषकच!

फोर्डभक्त इथे मॉडेल टी पुढे करतात. 1915 पासून तिला विजेचे हेडलॅम्प आले, ते मॅग्नेटोवर आणि सिरीजमध्येच. इंजिन मंदावलं की दिवे मिणमिणत, रेटलं की बल्ब उडे, आणि एक उडाला की दोन्ही बाजूंना अंधार. पण फोर्डची सिरीज कायमची होती, चालकाच्या हातात काहीच नव्हतं. आपल्या युक्तीचा जीव आहे तो सिरीजमधून पॅरललमध्ये जाण्यात, आणि ती अदलाबदल ट्रामच्या हँडलने मोटारीच्या कितीतरी आधी केली होती. शहरातला वायरमन ट्रामडेपोत शिकून गॅरेजात आला असणार. मला तरी दुसरी वाट दिसत नाही.

दुसरा दावेदार म्हणजे रेझिस्टन्स. त्याचं कूळ वेगळं आहे आणि, माझ्या मते, हलकं. 55 वॅटचा दिवा 6 व्होल्टवर आणायला सुमारे 2 ओहमचा रेझिस्टन्स लागतो आणि तो एकटा जवळजवळ 20 वॅट उष्णता ओकतो. ब्रिटनने मात्र नेमका हाच मार्ग धरला: 1 एप्रिल 1987 पासून नव्या गाड्यांना ‘डिम-डिप’ची सक्ती केली, म्हणजे मंद केलेला डिपर. युरोपीय न्यायालयाने 1988 मध्ये ती सक्ती अमान्य ठरवली. कॅनडात डिसेंबर 1989 पासून बनलेल्या गाड्यांना दिवसाचे दिवे बंधनकारक झाले, तेव्हा काही मोटारींत दोन्ही हाय बीम सिरीजमध्ये जोडून काम भागवलं गेलं. हॉपकिन्सन यांना आनंद झाला असता.

आता कामाचं. निम्म्या व्होल्टेजवर उजेड निम्मा राहत नाही, जेमतेम दहावा हिस्सा उरतो. फिलामेंट थंड पडलं की प्रकाश भराभर घसरतो. जोडणीला पाच पिनांचे दोन रिले लागतात. पहिल्या दिव्याची परतीची वायर एका रिलेच्या 30 वर, दुसऱ्या दिव्याची पुरवठ्याची वायर दुसऱ्याच्या 30 वर. दोन्ही 87a एकमेकांना जोडा. एकाचा 87 अर्थला, दुसऱ्याचा 87 फ्यूजमधून बॅटरीला. पहिल्या दिव्याला वीज दिली आणि रिले बंद असले की सिरीज. दोन्ही रिले एकदम ओढले की पॅरलल. पहिल्या दिव्याची बॉडी अर्थ झालेली नसावी, नाहीतर मंद उजेड मिळायचाच नाही. आणि हे सगळं फिलामेंटच्या दिव्यांपुरतंच; एलईडी बारवर करून पाहू नका, तिथे वेगळा ड्रायव्हर लागतो.