भिजलेल्या बियांचं कूळ

कॅफीन नसलेली कॉफी कोकणाला नवी नाही. पहिल्या सरींबरोबर रस्त्याकडेला उगवणाऱ्या टाकळ्याची कोवळी पानं आपण भाजीला खुडतो. पावसाळा सरताना त्याच टाकळ्याला शेंगा धरतात, आणि त्यांतल्या बिया भाजून, कुटून कॉफीसारखं पेय करण्याची रीत जुनी आहे. ते खरपूस, कडवट लागतं. त्यात कॅफीन नसतं, कारण टाकळ्याचं कॉफीशी नातंच नाही. चिकोरीचंही तेच. ते एका झाडाचं मूळ, आणि आपल्याकडच्या कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असली की नियम पाळला जातो. रत्नागिरीच्या दुकानांत सहज मिळणारी पुष्कळशी ‘फिल्टर कॉफी’ अशी मिश्र असते. डिकॅफचं कूळ मात्र वेगळं आहे. ती अस्सल कॉफीची बी असते, फक्त तिच्यातलं एक द्रव्य बाहेर काढलेलं असतं. ते कसं काढलं, यावर घरच्या एस्प्रेसोची चव पुष्कळ अंशी ठरते. म्हणून ही कुळकथा.

ते द्रव्य पहिल्यांदा वेगळं झालं १८१९मध्ये. फ्रीडलिब रुंगे नावाच्या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाने बेलाडोनाच्या अर्काने मांजराच्या डोळ्याची बाहुली कशी विस्फारते, हे महाकवी गटेला दाखवलं. सत्तरीला आलेला गटे त्यावर इतका खूश झाला की त्याने रुंगेला कॉफीच्या बिया दिल्या आणि यांचंही पृथक्करण करून बघा म्हणाला. त्यातून कॅफीन हाती आलं. एका कवीच्या कुतूहलातून हे सगळं सुरू झालं, हे मला फार मोलाचं वाटतं.

कॅफीन बियांतून काढून कॉफी विकावी, ही कल्पना धंद्यात उतरायला आणखी ऐंशीहून जास्त वर्षं गेली. ब्रेमेन बंदरातला कॉफीचा व्यापारी लुडविग रोझेलियस आपल्या वडिलांच्या मृत्यूचा दोष अति कॉफीला देत असे. १९०३च्या सुमारास त्याच्याकडे आलेला माल वाटेत समुद्राच्या पाण्याने भिजला होता, आणि तपासल्यावर त्यातलं कॅफीन बरंच कमी झालेलं पण कॉफीची चव टिकलेली आढळली, अशी कथा सांगतात. समुद्राकाठी राहणाऱ्या आपल्याला भिजलेला माल म्हणजे नुकसान एवढंच ठाऊक. रोझेलियसने त्यातून पद्धत बसवली : कच्च्या बिया वाफेने फुगवायच्या आणि मग बेंझीनने त्यांतलं कॅफीन धुऊन काढायचं. १९०६मध्ये ‘काफे हाग’ ही कंपनी उभी राहिली. फ्रान्समध्ये आणि पुढे अमेरिकेत तीच कॉफी ‘सांका’ या नावाने गाजली.

बेंझीन विषारी. त्यामुळे ते पुढे मागे पडलं. पण रोझेलियस त्याच्याकडे का वळला, ते समजून घ्यायला हवं. कॅफीन पाण्यात विरघळतं, गरम पाण्यात तर भरपूर. अडचण अशी की पाणी भेदभाव करत नाही. कॅफीनबरोबर साखर, आम्लं आणि भाजल्यावर सुगंध होणारी सगळी द्रव्यंही ते घेऊन जातं. डिकॅफचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे फक्त कॅफीन उचलेल आणि बाकीच्याला हात लावणार नाही अशा द्रवाचा शोध आहे. बेंझीननंतर डायक्लोरोमिथेन आलं. ते कॅफीन नेमकं उचलतं आणि कमी तापमानाला उडून जातं, म्हणून आजही वापरात आहे. अमेरिकेत भाजलेल्या कॉफीत त्याचा अंश दशलक्षात दहा भागांपेक्षा जास्त चालत नाही.

स्विस लोकांनी शोधलेलं उत्तर मला सर्वांत देखणं वाटतं. बियांचा पहिला घाणा गरम पाण्यात भिजवायचा. त्यातून कॅफीन आणि चव दोन्ही पाण्यात उतरतात, आणि तो घाणा टाकून द्यायचा. ते पाणी कोळशातून गाळलं की कॅफीन कोळशात अडकतं, बाकीचं पाण्यात राहतं. आता या पाण्यात दुसरा घाणा भिजवायचा. पाणी चवीच्या द्रव्यांनी आधीच तृप्त असल्यामुळे ती द्रव्यं बियांतून बाहेर यायला वाव उरत नाही. जागा उरते ती फक्त कॅफीनला. बाहेरचं कुठलंही रसायन न आणता पाण्यालाच निवड करायला शिकवलं. १९३०च्या दशकात जन्मलेली ही युक्ती व्यापारात यायला १९७०चं दशक संपत आलं, आणि ‘स्विस वॉटर’चा कारखाना आज स्वित्झर्लंडमध्ये नव्हे, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे.

जर्मनीतल्या म्यूलहाइम इथल्या माक्स प्लांक संस्थेत कुर्ट झोझेल यांना १९६०च्या दशकात दुसऱ्याच कामात असताना तिसरी वाट सापडली. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर आणि हवेच्या सुमारे ७३ पट दाबाखाली ठेवला की तो धड वायू राहत नाही, धड द्रव होत नाही. तशा अवस्थेत तो ओल्या बियांत शिरतो आणि कॅफीन घेऊन बाहेर पडतो. यंत्रं फार महागडी, म्हणून ही पद्धत मोठ्या कारखान्यांनाच परवडते.

चौथी वाट आपल्या शेजारची. कोलंबियात उसापासून केलेल्या इथाइल ॲसिटेटने कॅफीन काढतात. हे द्रव्य पिकलेल्या फळांतही थोडं असतं. मुंबई-गोवा महामार्गावर, आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या हद्दीबाहेर महाडला इथाइल ॲसिटेटचा मोठा कारखाना आहे. तिथला माल शाई, रंग, औषधं यांच्यासाठी जातो. पण रसायन तेच. या पद्धतीच्या कॉफीला बहुतेक वेळा फळासारखा गोडवा असतो आणि दूध घातलेल्या एस्प्रेसोत तो छान उठतो.

एस्प्रेसो आणि डिकॅफ जवळपास एकाच वेळी जन्मले. मिलानच्या लुइजी बेझेराने वाफेच्या दाबाच्या यंत्राचं पेटंट घेतलं ते १९०१मध्ये, काफे हाग १९०६चं. पण दोघांचं सहज जमत नाही, आणि त्याचं कारण भिजण्यातच आहे. फुगवून, धुऊन पुन्हा वाळवलेल्या बीचा पोत सैल होतो. ती भाजण्याआधीच तपकिरी दिसते, त्यामुळे रंगावरून भाजणीचा अंदाज चुकतो. भाजल्यावर तेल लवकर पृष्ठभागावर येतं, आणि क्रेमा, म्हणजे एस्प्रेसोवरचा फेस, फुलवणारा वायू लवकर निघून जातो. यंत्रातून पाणीही बहुधा भरभर उतरतं. म्हणून नेहमीच्या कॉफीपेक्षा थोडं बारीक दळायचं आणि १८ ग्रॅम पुडीतून साधारण ३६ ग्रॅम एस्प्रेसो २५ ते ३० सेकंदांत मिळतोय का ते पाहायचं. आंबट, पाणचट लागला तर आणखी बारीक. जळका कडू लागला तर किंचित जाड.

पाकीट निवडताना मी आधी प्रक्रियेचं नाव शोधते. मग बियांचा प्रदेश, मग भाजल्याची तारीख. भाजणी मध्यम असावी. काळ्याकुट्ट, तेलकट भाजणीमागे सामान्य बी लपवता येते, आणि डिकॅफमध्ये असं फार घडलं आहे. डिकॅफ बेचव असते हा समज त्यातूनच आला. दळलेली पूड घेऊ नये. आपल्याकडे जुलैच्या हवेत तर नाहीच. मंगळुरूला कच्च्या बिया मुद्दाम पावसाळी वाऱ्यात ठेवून ‘मॉन्सून्ड मलबार’ करतात, पण भाजलेल्या बीला तीच हवा मारक, आणि सैल पोताच्या डिकॅफला सर्वांत आधी. शंभर-दोनशे ग्रॅमच मागवावी, आणि छोट्या हवाबंद डब्यांत वाटून एका वेळी एकच डबा उघडावा.

रात्री प्यायची म्हणून घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की कॅफीन पूर्ण जात नाही. युरोपातल्या अनेक देशांच्या नियमांनुसार भाजलेल्या डिकॅफमध्ये ते जास्तीत जास्त ०.१ टक्का चालतं. साध्या अरेबिकात ते सव्वा टक्क्याच्या आसपास असतं.

भारतातले चांगले रोस्टर आता पाकिटावर मळ्याचं नाव, उंची, बियांची जात सगळं छापतात. डिकॅफच्या पाकिटावर प्रक्रियाही तशीच ठळक छापली गेली पाहिजे. जिथे ती नसेल तिथे रोस्टरला फोन करून विचारावं, आणि उत्तर मिळालं नाही तर ते पाकीट घेऊ नये.